तळ्याकाठच्या स्पा रिसॉर्टमध्ये चार दिवस: खरी विश्रांती मिळावी म्हणून काय पाहावे?

पाणकणीस यांचा प्रश्न:

या उन्हाळ्यात आईला घेऊन एखाद्या मोठ्या तळ्याकाठच्या स्पा रिसॉर्टमध्ये चार दिवस राहावे, असे मनात आहे. आईचे वय 69 आहे, रक्तदाबाची गोळी रोज सुरू असते आणि दोन्ही गुडघे दुखतात. तिला पोहता येत नाही, पण पाण्याजवळ तासन्‌तास बसायला तिला मनापासून आवडते. माझी स्वतःची तक्रार झोपेची आहे. कामाच्या ताणामुळे गेले वर्षभर रात्री दोन-तीन वेळा जाग येते आणि सकाळी उठल्यावरही अंग जड वाटते.

विचारण्याचे कारण असे की, मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी मी एकटी गेले होते. तीन दिवसांच्या पॅकेजमध्ये सात उपचार बसवलेले होते आणि पैसे आधीच भरलेले असल्यामुळे एकही सोडवत नव्हता. सकाळी मसाज, मग वाफ, मग लेप, दुपारी पुन्हा काहीतरी, असे घड्याळाकडे पाहत दिवस गेले आणि खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याच्या काठावर मी शेवटच्या संध्याकाळी पहिल्यांदा जाऊन बसले. घरी परतले तेव्हा जाताना होते त्याहून अधिक थकलेली होते. या वेळी ती चूक आईच्या बाबतीत होऊ नये, असे फार वाटते.

उपचार किती घ्यावेत, तळ्याच्या पाण्यात उतरणे आणि रिसॉर्टच्या गरम पाण्याच्या तलावात उतरणे यांत फरक काय, आणि सॉना किंवा हॉट टब आईला चालेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

निवांत_पायवाट यांचे उत्तर:

तुमचा मागचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. उपचार मोजून घ्यायची वस्तू आहे आणि विश्रांती मोजता येत नाही, त्यामुळे पॅकेज करणारा माणूस साहजिकच उपचारांची संख्या वाढवत जातो. माझे मत विचाराल तर चार दिवसांत माणशी दोन उपचार पुरेसे आहेत, आणि दोन्हींमध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा असावा.

हे केवळ माझ्या स्वभावाला धरून सांगत नाही. नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून अधिक प्रौढांच्या एका पाहणीत, जी 2010 साली प्रसिद्ध झाली, असे दिसले की सुट्टीवर जाऊन आलेल्यांचे समाधान परतल्यानंतर न गेलेल्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. फरक टिकला तो ज्यांनी आपली सुट्टी ‘अतिशय निवांत’ गेली असे सांगितले, त्यांच्याच बाबतीत, आणि तोही काही आठवड्यांत ओसरला. त्याच पाहणीत जाणाऱ्यांचा आनंद निघण्याआधीच वाढलेला आढळला होता. म्हणून आईला आजच तारीख सांगून टाका आणि तळ्याची छायाचित्रे तिच्यासोबत बसून पाहा. त्या वाट पाहण्यातही सुट्टीचा मोठा भाग असतो.

झोपेबद्दल दोन गोष्टी. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हा अनुभव सर्वांनाच असतो, आणि त्याला शारीरिक आधारही सापडला आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो आणि अनोळखी आवाजाला लवकर प्रतिसाद देतो. म्हणजे पहिली रात्र वाईट गेली तर ‘इथेही झोप येत नाही’ असे समजून निराश होऊ नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कोणताही उपचार ठरवू नका. दोनच रात्रींसाठी जाणाऱ्यांची निम्मी सुट्टी या सावधपणातच जाते. तुमच्या चार दिवसांत निदान दोन रात्री चांगल्या मिळतील.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची. झोपेच्या सुमारे एक ते दोन तास आधी 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्याने स्नान केले, तर झोप लवकर लागते. कारण वरवर पाहता उलटे वाटेल असे आहे: गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातली उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि आतले तापमान खाली येऊ लागते, जे झोप लागण्यासाठी मुळातच आवश्यक असते. अगदी झोपायच्या क्षणी गरम पाण्यातून बाहेर आलात तर मात्र हा उतार सुरू होण्याआधीच तुम्ही अंथरुणात असता. तेव्हा दिवसातला एकमेव ‘कार्यक्रम’ ठेवायचाच असेल तर तो संध्याकाळी ठेवा आणि त्यानंतर काठावर शांत बसा.

जलरेखा यांचे उत्तर:

तळी आणि जलाशय यांच्या पाण्याची तपासणी हे माझे रोजचे काम आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते. स्पाविषयी लिहिताना लोक तेले आणि लेप यांच्यावर पाने भरतात आणि ज्या पाण्यासाठी आपण तिथवर जातो, त्याविषयी कोणी काही विचारत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

उन्हाळ्यात खोल तळे एकसारखे तापत नाही. पाणी सर्वांत जड असते ते साधारण 4 अंशांना. त्याहून गरम झालेले पाणी हलके असल्यामुळे वरच तरंगत राहते. परिणामी वर काही मीटरांचा उबदार थर, खाली थंड पाणी आणि दोन्हींच्या मध्ये एक पातळ पट्टा, ज्यात थोडेसे खाली गेले तरी तापमान झपाट्याने उतरते, अशी रचना सबंध उन्हाळाभर टिकते. काठावर गुडघाभर पाण्यात तुम्हाला कोमट वाटले, म्हणून धक्क्याच्या टोकावरून उडी मारली, तर पाय थेट त्या थंड पट्ट्यात जाऊ शकतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे 18 अंशांची हवा आल्हाददायक वाटते आणि 18 अंशांचे पाणी अंगावर काटा आणते. साधारण 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक गेल्यास पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि नाडी व रक्तदाब एकदम वाढतात. उत्तम पोहणारी माणसेही बुडतात ती पुष्कळदा या पहिल्या मिनिटांतच, थकून नव्हे. म्हणून तुम्ही उतरलात तरी काठाकडून चालत, पाणी छातीपर्यंत येईस्तोवर श्वास स्थिर ठेवत उतरा, उडी मारू नका. आईंनी तर काठावर बसून फक्त पाय सोडावेत. त्यातले सुख कमी नाही.

तुमच्या आईंना पाण्याजवळ बसायला आवडते, त्यामागे एक साधे भौतिकशास्त्रही आहे. तेवढ्याच वजनाची कोरडी माती आणि पाणी एका अंशाने तापवायचे तर पाण्याला मातीच्या चारपाच पट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर पसरते, मातीत ते वरच्या थरातच अडकते. त्यामुळे दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला तळ्यावरची गार हवा काठाकडे वाहू लागते. रात्री हाच प्रवाह उलटा होऊन जमिनीवरून पाण्याकडे जातो. खोली निवडताना याचा उपयोग करा: तळ्याच्या बाजूला उघडणारी मोठी खिडकी आणि समोर झाडांची सावली असेल, तर दुपारची झोप यंत्राच्या थंडाव्याविनाही चांगली लागते. मात्र ही झुळूक फसवीही आहे, कारण गारव्यामुळे ऊन लागल्याचे कळत नाही. सावलीत बसलेल्यालाही आकाशाकडून विखुरलेले अतिनील किरण लागतातच, आणि पाण्यात असलेल्याला तर अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे 40 टक्के अतिनील किरण पोहोचतात. दुपारी काठावर जायचेच झाले तर टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा.

आता गुणवत्ता. उबदार, स्थिर आणि पोषकद्रव्ये, विशेषतः फॉस्फरस, जास्त असलेल्या पाण्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नील-हरित शैवाल माजते. नाव शैवाल असले तरी ते खरे तर जिवाणू आहेत आणि त्यांच्या काही जाती यकृताला व मज्जासंस्थेला अपायकारक विषे तयार करतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या दाट सुपासारखा थर दिसला, त्याला कुबट वास येत असेल, तर त्या दिवशी पायही बुडवू नका. वारा हा थर एका काठावर ढकलतो, त्यामुळे समोरचा काठ स्वच्छ दिसतो म्हणून इकडचे पाणीही ठीक असेल, असे धरून चालू नये. जोराच्या पावसानंतरही एक-दोन दिवस थांबावे, कारण आसपासच्या जमिनीवरची सगळी घाण वाहून तळ्यात आलेली असते.

आणखी एक खुलासा. तळ्याकाठचा स्पा म्हणजे तळ्याचे पाणी औषधी, असा समज जाहिरातींमधून सहज होतो. तसे तळे जगात आहे. हंगेरीतील हेविझ येथे 4 हेक्टरांहून मोठे नैसर्गिक उष्णोदकाचे तळे असून त्याचे पाणी तळाच्या झऱ्यातून सतत येत असते आणि उन्हाळ्यात 33 ते 35 अंशांपर्यंत असते. परंतु बहुतेक रिसॉर्टांत तळे हे साधे गोड्या पाण्याचे तळे असते आणि गरम पाण्याचा तलाव वेगळा, यंत्राने तापवलेला आणि क्लोरीन घातलेला असतो. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त कशासाठी पैसे देतो आहोत हे ठाऊक असावे.

त्या तापवलेल्या पाण्याबाबत रिसॉर्टला आधीच दूरध्वनी करून विचारा की क्लोरीन आणि पाण्याची आम्लता दिवसातून किती वेळा तपासली जाते, आणि त्याची नोंदवही पाहता येईल का. चांगल्या ठिकाणचे लोक या प्रश्नाने नाराज होत नाहीत. डोळ्यांना झोंबणारा उग्र ‘क्लोरीनचा’ वास स्वच्छतेची खूण आहे, असे पुष्कळांना वाटते; प्रत्यक्षात तो वास क्लोरीनचा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन बनलेल्या संयुगांचा असतो. हॉट टबची निगा नीट नसेल तर कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे फुप्फुसांत जातो. वयस्कर व्यक्तींना त्याचा धोका अधिक असतो, म्हणून हा प्रश्न आईंसाठी मुद्दाम विचारा.

हातगुण यांचे उत्तर:

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि काही वर्षे एका स्पामध्येही काम केले आहे. आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका, हे आधी सांगते. तरीही काय विचारायचे, हे कळावे म्हणून लिहिते.

गुडघ्यांसाठी मसाजपेक्षा पाणी अधिक उपयोगी आहे. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे सुमारे निम्मे वजन येते, छातीपर्यंत गेले की साधारण एक तृतीयांशच उरते. ज्यांना जमिनीवर दहा पावले चालताना कळ येते, त्या व्यक्ती छातीभर पाण्यात विनासायास पंधरा मिनिटे चालतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासाठी मी अजूनही हे काम करते. यासाठी 32 ते 34 अंशांचा, आत उतरायला पायऱ्या आणि धरायला कठडा असलेला उथळ तलाव हवा. पोहता येत नसले तरी चालते, मात्र तुम्ही त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर असायला हवे.

हॉट टब आणि सॉना यांचा प्रश्न वेगळा आहे. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो; रक्तदाबाची गोळीही तेच करत असते. दोन्ही एकत्र आले की पाण्यातून एकदम उठताना चक्कर येऊन पडण्याची शक्यता असते, आणि या वयात ओल्या फरशीवर पडणे ही साधी गोष्ट नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर घामामुळे शरीरातले पाणी आणखी कमी होते. डॉक्टरांनी हॉट टबला परवानगी दिलीच, तर पाणी 38 अंशांच्या वर नको, वेळ दहा मिनिटांच्या वर नको, आणि बाहेर येण्याआधी मिनिटभर पायरीवर बसणे आवश्यक आहे. सॉनाचा मात्र मी आग्रह धरणार नाही.

मसाजबद्दल थोडक्यात सांगते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल, एका पोटरीला अचानक सूज व दुखरेपणा आला असेल किंवा ताप असेल, तर मसाज घेऊ नये. मसाज करणाऱ्याने सुरुवातीला हे प्रश्न विचारले नाहीत, तर तिथे आईंना झोपवू नका. दाब किती हवा, हे मध्येच सांगण्याचा संकोच करू नये. वेदना सहन केल्याने गुण अधिक येतो, हा समज चुकीचा आहे. हातातून माणसाची घाई लगेच कळते, त्यामुळे साठ मिनिटांचा एकच मसाज तीस-तीस मिनिटांच्या तीन वेगवेगळ्या उपचारांपेक्षा मी केव्हाही निवडेन.

उत्तररात्र यांचे उत्तर:

सर्व सूचना योग्य आहेत, पण सॉना असा एका वाक्यात बाजूला सारला गेलेला पाहून राहवले नाही. आईंना नको, हे मला मान्य आहे. परंतु पाणकणीस यांनी स्वतः, प्रकृती ठीक असेल तर, तळ्याकाठचा सॉना अवश्य अनुभवावा. फिनलंडमध्ये सॉना पुष्कळदा मुद्दाम पाण्याच्या काठावरच बांधतात, आणि तिथल्या सॉना संस्कृतीचा युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आहे. पूर्व फिनलंडमधल्या 2315 मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेणाऱ्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी आढळले होते. अर्थात, नियमित सॉनाला जाणारी माणसे मुळातच अधिक धडधाकट असू शकतात, त्यामुळे यावरून कोणी सॉनाला औषध समजू नये. मी तो सुचवते आहे तो त्याच्या शांततेसाठी.

80 अंशांच्या कोरड्या लाकडी खोलीत बोलायची किंवा विचार करायची फारशी शक्तीच उरत नाही आणि मन आपोआप श्वासावर येते. सर्वांत खालच्या फळीवर बसावे, कारण छताजवळची हवा पुष्कळ अधिक तापलेली असते. आठ-दहा मिनिटांत बाहेर यावे, आणि मग गार होण्यासाठी तळ्यात न जाता आधी नुसत्या हवेत बसावे. संध्याकाळी अंगातून वाफ निघत असताना समोरचे पाणी काळसर निळे होत जाते, त्या दहा मिनिटांसाठी मी दरवर्षी जाते. तिथे वेळेची मर्यादा लावलेली वाळूची घड्याळे असतात. ती संपेपर्यंत बसलेच पाहिजे, असे मात्र नाही.

हातगुण यांचे उत्तर:

उत्तररात्र यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि ‘आधी हवेत बसावे’ ही त्यांची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. तापलेल्या शरीराने थेट थंड पाण्यात गेल्यास सैल झालेल्या रक्तवाहिन्या एका क्षणात आकसतात आणि हृदयावर त्याचा भार येतो. निरोगी तरुण व्यक्ती तो सहज पेलतात, पण आपले हृदय निरोगी आहे हे प्रत्येकालाच ठाऊक असते असे नाही. मद्य घेतलेले असेल तर सॉना आणि तळे दोन्ही त्या दिवसापुरते वर्ज्य समजावेत.

पाणकणीस यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. आपण इतक्या आस्थेने लिहाल, असे वाटले नव्हते. आईच्या डॉक्टरांशी काल बोलले. उथळ कोमट तलावाला त्यांनी आनंदाने होकार दिला, हॉट टबला नकार दिला, आणि गोळीची वेळ न बदलता पाणी पिण्याकडे लक्ष ठेवायला सांगितले.

दोन रिसॉर्टांना दूरध्वनी केला. पाण्याच्या नोंदवहीबद्दल विचारल्यावर एका ठिकाणी विषय बदलून मला सवलतीचे पॅकेज सांगण्यात आले. दुसरीकडे फोन उचललेल्या मुलीने तलावाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनाच बोलावले आणि त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन तपासण्यांची वेळ सांगून, आल्यावर वही दाखवतो असे म्हटले. अर्थातच दुसरे ठिकाण नक्की केले. चार रात्री राहणार आहोत, आईसाठी एक मसाज आणि माझ्यासाठी एक मसाज व एक सॉना, एवढेच ठरवले आहे. तिसरा दिवस पूर्ण मोकळा आहे. खोली तळमजल्यावरची, पाण्याच्या बाजूला उघडणारी मिळाली आहे.

आईला हे सर्व सांगितले, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: काठावरच्या बाकाला पाठ टेकायला आहे का? तो विचारायचा माझ्याकडून राहिला होता, आज पुन्हा फोन करून विचारते.

जलरेखा यांचे उत्तर:

बाकाबरोबर हेही विचारा की बाकापासून पाण्यापर्यंत जायला पायऱ्या आहेत की उतार, आणि त्या रोज घासल्या जातात का. पाण्याच्या रेषेलगतच्या दोन पायऱ्यांवर उन्हाळ्यात बारीक शेवाळ धरते आणि ते ओले असताना दिसत नाही. आईंसाठी रबरी तळ असलेली, मागून पट्टा असलेली पादत्राणे घ्या, आणि पाय पाण्यात सोडायचे ते पायरीवर बसूनच, उभ्याने नको.